गंज व गंजरोधन, जुन्या ब्रिटिश मोटारगाड्यांतील

हवेतील ऑक्सिजन व पाणी यांच्या क्रियेने पोलादी मोटारगाडीची होणारी झीज आणि ती थांबविण्यासाठी योजण्यात येणारे उपाय यांचा विचार या नोंदीत केला आहे. ब्रिटनमध्ये सु. १९३७ ते १९८० या काळात तयार झालेल्या मोटारगाड्या गंजण्याच्या बाबतीत विशेष प्रसिद्ध आहेत. यांपैकी अनेक गाड्यांची एंजिने दुरुस्तीयोग्य असतानाही काया, म्हणजे व्यवहारात जिला ‘बॉडी’ म्हणतात तो पत्र्याचा भाग, कुजल्यामुळे त्या मोडीत निघाल्या. हलके पोलाद वापरल्यामुळे असे घडले, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि मुख्य कारण पोलादाच्या दर्जापेक्षा गाडीच्या रचनेत झालेला बदल हे होते. पत्रा हाच गाडीचा कणा बनला. पण त्याचे संरक्षण मात्र बराच काळ केवळ बाहेरून दिसणाऱ्या रंगापुरतेच राहिले.

गंजण्याची क्रिया : गंज हे लोहाचे जलयुक्त ऑक्साइड असून ते तयार होण्यासाठी पाणी व ऑक्सिजन या दोहोंची आवश्यकता असते. कोरड्या हवेत किंवा ऑक्सिजनविरहित पाण्यात पोलाद जवळजवळ गंजत नाही. ही क्रिया विद्युत् रासायनिक स्वरूपाची आहे. ओलसर पृष्ठभागाच्या एका भागातून लोह विरघळते (धनाग्र), तर दुसऱ्या भागावर ऑक्सिजनाचे क्षपण होते (ऋणाग्र). दोहोंमधील पाण्यात लवण विरघळलेले असल्यास विद्युत् प्रवाह सुलभ होतो व क्रियेचा वेग वाढतो. केंब्रिज येथील यूलिक आर्. एव्हान्स यांनी १९२० नंतरच्या दशकात हे स्वरूप प्रयोगांनी स्पष्ट केले. पोलादावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवला असता झीज थेंबाच्या कडेला न होता मध्यभागी होते, असे त्यांनी दाखविले. कडेला ऑक्सिजन मुबलक मिळतो, मध्यभागी तो कमी पडतो. आणि जेथे ऑक्सिजन कमी तेथेच लोह विरघळते.

हा निष्कर्ष मोटारगाडीच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. उघड्या, वारा लागणाऱ्या पत्र्यापेक्षा दोन पत्र्यांमधील फट, चिखलाखालील जागा व बंद पोकळी येथे झीज अधिक का होते, याचा उलगडा त्यावरून होतो. शिवाय गंजाचे घनफळ मूळ लोहाच्या अनेक पट असल्याने फटीत साठलेला गंज पत्रे एकमेकांपासून दूर रेटतो, त्यामुळे फट रुंदावते आणि आणखी पाणी आत शिरते. रंगावर दिसणारा लहानसा फुगवटा हा बहुधा आतून बाहेर आलेल्या गंजाचा शेवटचा टप्पा असतो, पहिला नव्हे.

हवेतील आर्द्रतेचेही महत्त्व मोठे आहे. डब्ल्यू. एच्. जे. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकांनी १९३० च्या सुमारास असे दाखवून दिले की, दूषित हवेत सापेक्ष आर्द्रता सु. ६० टक्क्यांच्या वर गेली म्हणजे गंजण्याचा वेग एकदम वाढतो. समुद्री लवणात मॅग्नेशियम क्लोराइड असल्यामुळे ते याहूनही कमी आर्द्रतेत पाणी शोषून घेते. त्यामुळे लवण बसलेला पत्रा पाऊस नसतानाही ओला राहतो.

रचनेतील बदल : आरंभीच्या मोटारगाड्यांत पोलादी पट्ट्यांची मजबूत चासी असे. तिच्यावर ॲश वृक्षाच्या लाकडाचा सांगाडा उभारून त्याला पोलादाचे किंवा ॲल्युमिनियमाचे पत्रे ठोकीत. घोडागाडी बांधणाऱ्या कारागिरांचीच ही पद्धत होती. अशा गाडीचा पत्रा गंजला, तरी तिचे बळ चासीत असल्याने ती रस्त्यावर धोकादायक ठरत नसे. लाकूड कुजणे हीच तिची मुख्य व्याधी होती.

१९२६ मध्ये मॉरिस मोटर्स, अमेरिकेतील बड कंपनी व एक बँक यांच्या सहकार्याने ऑक्सफर्डनजीक कौली येथे प्रेस्ड स्टील कंपनी स्थापन झाली आणि दाबयंत्रात घडविलेल्या संपूर्ण पोलादी काया ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागल्या. पुढची पायरी म्हणजे चासी वगळून कायेलाच गाडीचा भार उचलावयास लावणे. व्हॉक्सहॉल १० (१९३७) व मॉरिस १० च्या ‘एम’ मालिकेतील गाडी (१९३८) या ब्रिटनमधील अशा एकसंध रचनेच्या आरंभीच्या गाड्या होत. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉरिस मायनर (१९४८), मॉरिस ऑक्सफर्ड (१९४८), मिनी (१९५९), एमजीबी (१९६२) अशा बहुसंख्य गाड्या याच तत्त्वावर बांधल्या गेल्या. एकसंध रचनेमुळे गाडी हलकी, स्वस्त व अधिक ताठ झाली.

या रचनेत गाडीचे बळ दारांखालील पोकळ तुळया (सिल), जमिनीचा पत्रा, चाकांवरील कमानी आणि स्प्रिंगा बसविण्याचे कोनाडे यांत सामावलेले असते. हे भाग पातळ पत्रे ठिपका वितळजोडाने एकत्र जोडून तयार होतात. प्रत्येक सांध्यात केशाकर्षणाने पाणी ओढून घेणारी फट असते आणि प्रत्येक पोकळी आतून रंगाविना राहण्याची शक्यता असते. सर्वांत पातळ, सर्वांत ओला व सर्वांत कमी रंगविलेला भाग हाच सर्वांत महत्त्वाचा भार उचलणारा भाग ठरला. मॉरिस मायनरमध्ये पुढील तुळया व मागील स्प्रिंगांचे आधार, मिनीमध्ये सिल व मागील उपचौकट, तर एमजीबीमध्ये तीन थरांची सिल हे भाग या दृष्टीने कुप्रसिद्ध आहेत.

काही गाड्या या नियमाला अपवाद होत्या. ट्रायंफ हेरल्डमध्ये (१९५९) स्वतंत्र चासी कायम ठेवण्यात आली. लँड रोव्हरची (१९४८) काया युद्धोत्तर पोलाद टंचाईमुळे ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूची करण्यात आली. ती गंजत नसे. मात्र तिच्याखालील पोलादी चासी गंजत असे. शिवाय ॲल्युमिनियम व पोलाद ओलसर अवस्थेत एकमेकांस टेकले म्हणजे त्यांचा विद्युत् घट तयार होऊन ॲल्युमिनियमाची झीज होते, असा अनुभव आला.

रचनेच्या बदलाला हवामानाची व धोरणाची जोड मिळाली. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी खडेमीठ टाकण्याची पद्धत युद्धोत्तर काळात सार्वत्रिक झाली. चाकांनी उडविलेले खारे पाणी गाडीच्या पोटातील प्रत्येक फटीत पोहोचू लागले. उबदार बंदिस्त गॅरेजमध्ये ओली गाडी ठेवल्यास रासायनिक क्रियेचा वेग वाढून ती उघड्यावर ठेवलेल्या गाडीपेक्षाही लवकर गंजते, हा अनेक मालकांना अनपेक्षित असलेला परिणाम होता.

गंजरोधनाच्या पद्धतींचा विकास : टॉमस वॉट्स कॉस्लेट यांनी १९०६ मध्ये ब्रिटनमध्ये फॉस्फेटीकरणाचे एकस्व घेतले. उष्ण, विरल फॉस्फोरिक अम्लाच्या विद्रावात पोलाद बुडविले असता त्यावर स्फटिकमय फॉस्फेटाचा पातळ थर बसतो. हा थर स्वतः अल्प संरक्षण देतो. परंतु रंग त्याला घट्ट धरतो व रंगावर ओरखडा पडला, तरी गंज त्याखाली सहजपणे पसरत नाही. जर्मनीत व अमेरिकेत या पद्धतीत सुधारणा होऊन ती मोटार उद्योगात रूढ झाली.

रंग फवाऱ्याने दिला असता तो पोकळ तुळयांच्या आत पोहोचत नाही. म्हणून १९५० नंतरच्या दशकात ब्रिटिश कारखान्यांत संपूर्ण काया एका दांड्यावर चढवून ती फिरवीत अस्तररंगाच्या टाक्यांतून नेण्याची ‘रोटोडिप’ पद्धत वापरात आली. तिच्यामुळे स्थिती सुधारली, तरी अरुंद सांध्यांत अडकलेल्या हवेमुळे काही भाग कोरडेच राहत. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी विद्युत् संचरणाने रंग बसविण्याची पद्धत अमलात आणली. तीत काया विद्युत् भारित करून रंगाच्या जलीय मिश्रणात बुडवितात व रंगाचे कण विद्युत् दाबाने पोकळ्यांच्या आतही बसतात. सु. १९७६ पासून कायेलाच ऋणाग्र करण्याची सुधारित पद्धत मोटार उद्योगात आली. या पद्धतीत रंग बसताना पोलादाचे विद्रवण होत नसल्याने संरक्षण पुष्कळच वाढले. जस्तलेपित पत्र्याचा वापर ही त्यापुढील पायरी होय. जस्त लोहापेक्षा अधिक क्रियाशील असल्याने ओरखड्याच्या जागी प्रथम जस्त झिजते व लोह सुरक्षित राहते. पोर्श कंपनीने १९७५ पासून, तर आउडीने १९८६ पासून अशा काया नियमित उत्पादनात आणल्या. तोवर बहुतेक जुन्या ब्रिटिश नमुन्यांचे उत्पादन संपले होते किंवा संपत आले होते.

कारखान्याने जे केले नाही ते गाडी विकल्यानंतर करण्याचा प्रयत्न झाला. गाडीच्या पोटाला डांबरयुक्त जाड थर देण्याची पद्धत सर्वाधिक लोकप्रिय होती. हा थर खड्यांचा मारा सहन करतो. परंतु कालांतराने तो कडक होऊन त्याला भेगा पडतात. मग पाणी थर व पत्रा यांमध्ये शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. थर धड दिसत असताना त्याखालील पत्रा नाहीसा झाल्याची उदाहरणे विपुल आहेत. पोकळ भागांत छिद्रे पाडून मेणयुक्त तेल फवारण्याची पद्धत अधिक परिणामकारक ठरली. मेण मऊ राहते, फटीत झिरपते, पाण्याला बाजूला सारते व दर काही वर्षांनी पुन्हा देता येते.

सार्वजनिक प्रश्न : गंजण्याचा प्रश्न केवळ मालकाच्या खर्चापुरता मर्यादित नव्हता. ब्रिटनमध्ये १९६० साली जुन्या मोटारगाड्यांची सक्तीची वार्षिक तपासणी सुरू झाली. आरंभी ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना व १९६७ पासून तीन वर्षांहून जुन्या गाड्यांना लागू होती. सुरुवातीस ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेच भाग तपासले जात. १९७७ मध्ये कायेच्या व चासीच्या रचनात्मक अवस्थेचाही त्यांत समावेश झाला. आसनांचे पट्टे, स्प्रिंगा, ब्रेक व सुकाणू यांच्या आधारांजवळील पत्रा कुजलेला असल्यास गाडी नापास ठरू लागली. आघाताच्या वेळी सिल व आधारबिंदू तुटल्यास आसनाचा पट्टा निरुपयोगी ठरतो, हे त्यामागील कारण होते.

टी. पी. होर यांच्या अध्यक्षतेखालील ब्रिटिश सरकारच्या समितीने १९७१ मध्ये सादर केलेल्या अहवालात गंजण्यामुळे देशाचे होणारे वार्षिक नुकसान १३६.५ कोटी पौंड, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या सु. साडेतीन टक्के असल्याचे दाखविले. त्यांतील सर्वांत मोठा वाटा, सु. ३५ कोटी पौंड, वाहतूक क्षेत्राचा होता. उपलब्ध ज्ञान वापरले असते, तर एकूण नुकसानीपैकी सु. एक चतुर्थांश टाळता आले असते, हा समितीचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा होता. अडचण ज्ञानाच्या अभावाची नव्हती; त्याचा वापर न होण्याची होती.

भारतातील ब्रिटिश गाड्या : ब्रिटिश मोटारगाड्या भारतात प्रथम तयार स्थितीत व नंतर सुट्या भागांच्या रूपाने आल्या. मॉरिस १० वरून हिंदुस्थान १०, मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेवरून लँडमास्टर व तिसऱ्या मालिकेवरून अँबॅसडर या गाड्या हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार केल्या. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने ट्रायंफ हेरल्डचे भारतीय रूप १९६१ पासून बाजारात आणले. केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कारखान्यांना १९५३ नंतरच्या धोरणामुळे भारतातील काम आवरावे लागले. परिणामी मोजकेच नमुने दीर्घकाळ टिकून राहिले. ब्रिटनमध्ये १९५९ मध्ये बंद झालेला ऑक्सफर्डचा नमुना अँबॅसडरच्या रूपाने २०१४ पर्यंत निघत होता.

सुट्या भागांपासून जुळणी करताना पत्र्याची स्वच्छता, फॉस्फेटीकरण व रंगकाम येथील कारखान्यात होत असे. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन देशांतील गाड्यांचे संरक्षण सारखे नसे. दुसरीकडे, भारतातील रस्त्यांवर हिवाळी मीठ नव्हते. म्हणून ब्रिटनमध्ये दहा-बारा वर्षांत कुजणाऱ्या गाडीचे भाऊबंद भारताच्या कोरड्या भागांत कित्येक दशके चालू राहिले.

महाराष्ट्रातील स्थिती : एकाच राज्यात परस्परविरोधी परिस्थिती असल्याने गंजण्याच्या अभ्यासासाठी महाराष्ट्र उद्बोधक आहे. मुंबई व कोकण किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर येणारे समुद्री लवण, जून ते सप्टेंबर या काळातील सततची आर्द्रता आणि २,००० मिमी.हून अधिक पर्जन्य यांमुळे येथील वातावरण पोलादास अत्यंत प्रतिकूल आहे. हवेतील लवणाचे प्रमाण किनाऱ्यापासून काही किमी. अंतरातच झपाट्याने घटते. सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यही कमी होते.

मराठवाड्यातील शिरड शहापूर (ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली) हे गाव पश्चिम किनाऱ्यापासून चारशे किमी.हून अधिक दूर आहे. उन्हाळ्यात या परिसरात पारा ४० से.च्या वर जातो व पावसाळ्याबाहेरचे बहुतेक महिने हवा कोरडी असते. अशा हवेत उघडा पत्रा फार हळू गंजतो. रंग उडालेल्या गाडीचे छत वर्षानुवर्षे केवळ तांबूस छटा धरून राहते, त्याला भोक पडत नाही.

तरीही हा भाग गंजापासून पूर्णपणे मुक्त नाही. येथील काळी माती चिकण असून ती पाणी दीर्घकाळ धरून ठेवते. पावसाळ्यात ती चाकांच्या कमानींत, स्प्रिंगांच्या आधारांवर व मडगार्डच्या आतील कडेला थापल्यासारखी बसते. बाहेरून सुकलेल्या या थराचा आतला भाग पुष्कळ दिवस ओला राहतो व त्याखाली ऑक्सिजनाचा पुरवठा कमी असतो. एव्हान्स यांच्या थेंबात जे घडते तेच येथे मातीच्या लेपाखाली घडते. त्यामुळे किनाऱ्यावरील गाडी सर्वांगाने, तर काळ्या मातीच्या प्रदेशातील गाडी पोटातून कुजते. पावसाळा संपताच गाडीच्या पोटातील माती खरवडून व धुऊन काढणे हा येथील सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक गंजप्रतिबंधक उपाय होय.

या भागात ब्रिटिश बनावटीच्या वाहनांचा वापर सार्वजनिक वाहतुकीतून वाढला. हिंगोली परिसर तेव्हा हैदराबाद संस्थानातील परभणी जिल्ह्यात मोडत असे; स्वतंत्र हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये झाला. निझाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी संस्थानात बससेवा सुरू केली. स्कॉटलंडमधील ॲल्बियन कंपनीच्या बसगाड्या त्यांत होत्या. त्यांपैकी एक पुढे आंध्र प्रदेश राज्य मार्ग परिवहन महामंडळाने जतन केली. जड चासीवर स्वतंत्र काया अशी या गाड्यांची जुनी रचना असल्याने काया बदलून चासी पुन्हा वापरणे शक्य होते.

मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सुरू झालेल्या एस. टी. सेवेतील बेडफर्ड गाड्याही ब्रिटिश बनावटीच्या होत्या व त्यांची काया लाकडी होती. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तेथील सेवा या व्यवस्थेत विलीन झाली. पुढे दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) व नागपूर येथील कार्यशाळांत पोलादी चासीवर ॲल्युमिनियमाच्या पत्र्याची काया बांधण्याची पद्धत दीर्घकाळ रूढ होती. कोकणच्या खाऱ्या हवेत व मराठवाड्याच्या चिखलात एकाच नमुन्याची गाडी चालवावयाची असल्यास ही निवड सोयीची होती. खाजगी मोटारमालकास मात्र अशी निवड उपलब्ध नव्हती.

दुरुस्तीची परंपरा : आयातीवरील निर्बंधांमुळे १९९१ पर्यंत जुन्या ब्रिटिश गाड्यांचे तयार पत्रे मिळणे दुरापास्त होते. त्यामुळे मडगार्ड, दारांचे खालचे भाग व सिल हे भाग सपाट पत्र्यापासून हातोडी व ठोकळा यांच्या साहाय्याने घडविण्याचे कौशल्य मुंबई, पुणे, कोल्हापूर यांसारख्या शहरांतील कारागिरांनी टिकवून ठेवले. रंगाखाली शेंदराचे अस्तर देणे ही त्यांची जुनी पद्धत होती. शेंदूर उत्तम गंजरोधक आहे. परंतु तो शिशाचे ऑक्साइड असल्याने विषारी आहे. असा जुना रंग कोरडा घासताना उडणारी धूळ कारागिराच्या फुप्फुसांत जाते. म्हणून तो ओला घासावा व काम करताना मुखवटा वापरावा लागतो. वापरलेले एंजिनाचे काळे तेल गाडीच्या पोटाला मारण्याची प्रथाही सर्वत्र होती. त्याने काही काळ पाणी रोखले जाते. परंतु रबरी भाग खराब होतात, धुळीचा कीट बसतो व गळणाऱ्या तेलाने जमीन दूषित होते.

दुरुस्तीतील सर्वांत घातक पद्धत म्हणजे भोकांवर लांबी भरून रंग देणे. गाडी डौलदार दिसते, पण तिचे बळ परत येत नाही. योग्य पद्धतीत प्रथम सतरंज्या व डांबराचा थर काढून पत्रा हातोडीने ठोकून पाहतात; धड पत्रा खणखणीत व कुजलेला पत्रा बद्द आवाज देतो. कुजलेला भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढतात व तितक्याच जाडीचा नवा पत्रा वितळजोडाने बसवितात. सिल कापण्यापूर्वी दारांच्या चौकटीत आडवे आधार द्यावे लागतात. अन्यथा काया वाकते व दारे पुन्हा कधीच नीट लागत नाहीत. जोडकामापूर्वी इंधनाची टाकी काढून ठेवणे अत्यावश्यक असते. नंतर जस्तयुक्त अस्तर, रंग व पोकळ्यांत मेण अशा क्रमाने संरक्षण देतात. दारांच्या व सिलच्या तळाशी असलेली पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी ठेवणे सर्वांत महत्त्वाचे असते. रंगकामात ती बुजली, तर बाकीचे सर्व श्रम वाया जातात.

जतन : ब्रिटनमध्ये मूळ साचे वापरून एमजीबीची नवी काया १९८८ पासून उपलब्ध झाली व पुढे इतर नमुन्यांच्या कायाही निघाल्या. त्यामुळे जुनी गाडी म्हणजे नेमके काय, असा प्रश्न निर्माण झाला. बहुतेक पत्रा बदललेल्या गाडीत मूळ कारागिरीचा पुरावा अल्पच उरतो. म्हणून संग्रहालयीन जतनात शक्य तेथे गंजाचा वेग थांबवून मूळ धातू राखण्यावर, तर रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत सुरक्षिततेसाठी भार उचलणारा भाग बदलण्यावर भर देतात. ब्रिटनमध्ये मे २०१८ पासून मोठे फेरबदल न झालेल्या चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे. साहजिकच पत्र्याच्या स्थितीची जबाबदारी सर्वस्वी मालकावर आली आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील खाजगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम करण्यात आले. अशा वाहनांचा नियमित वा व्यापारी वापर करता येत नाही. प्रदर्शने, जुन्या गाड्यांच्या रॅली, देखभाल यांसारख्या कारणांसाठीच ती रस्त्यावर आणता येतात. वर्षातील बहुतेक दिवस उभी राहणारी गाडी चालत्या गाडीपेक्षा सुरक्षित असते, असे मात्र नाही. आच्छादनाखाली कोंडलेली ओल, बुजलेली छिद्रे व न काढलेली माती यांचे काम गाडी उभी असतानाही चालूच राहते. कोरडी, हवेशीर जागा आणि पावसाळ्यानंतरची सालाबादची तपासणी यांवरच अशा गाड्यांचे पुढील आयुष्य अवलंबून आहे.